ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेने माता, बाल आणि किशोरवयीन आरोग्याची कोणती प्रशिक्षणं घ्यावीत, आणि आधी कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जीएनएम (परिचर्या व प्रसूतीचा डिप्लोमा) झालंय, आरएन-आरएम (परिचारिका व प्रसविका) नोंदणी आहे, तीन वर्षं ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी अधिपरिचारिका म्हणून काम चालू आहे आणि त्यातला बराच काळ लेबर रूममध्ये गेलाय. पुढे याच क्षेत्रात राहायचंय. मग कोणती प्रशिक्षणं घ्यावीत, नाव कसं लागतं, आणि शेवटी नर्सिंगची एमएस्सी करावी की मिडवायफरीचा (प्रसूतिसेवेचा) नवा कोर्स?

आधी एसबीए (सुरक्षित बाळंतपण), त्याला जोडून एनएसएसके (नवजात बाळाची काळजी) आणि दक्षता (लेबर रूममधल्या सेवेची गुणवत्ता). ही तीन झाल्यावर प्रसूती, नवजात बाळ की किशोरवयीन, यातली एक दिशा धरा. एमएस्सीचा विचार शिकवण्याच्या नोकरीत जायचं असेल तरच करा. आणि कुठल्याही प्रशिक्षणाला होकार देण्याआधी एकच चौकशी करा: तिथे माझ्या हाताखाली किती केसेस येतील? बॅचचं नाव, संस्थेचं नाव, प्रमाणपत्रावरची सही हे सगळं त्यानंतर.

एसबीए, म्हणजे स्किल्ड बर्थ अटेंडंट प्रशिक्षण, 21 दिवसांचं असतं आणि एएनएम (आरोग्य सेविका), एलएचव्ही (आरोग्य पर्यवेक्षिका), स्टाफ नर्स अशा सगळ्यांसाठी आहे. आता साधा हिशोब मांडा. समजा, प्रशिक्षणाच्या रुग्णालयात महिन्याला 100 बाळंतपणं होतात. म्हणजे 21 दिवसांत साधारण 70. त्यातली सिझेरियन वजा केली की हाती 45-50 नॉर्मल उरतात. तुमच्या बॅचमध्ये चार जणी, त्याच वेळी तिथे बीएस्सीच्या आणि एएनएमच्या विद्यार्थिनी, शिवाय इंटर्न. प्रत्येकीच्या वाट्याला प्रत्यक्ष हाताने केलेली सात-आठ बाळंतपणं आली तरी नशीब. त्यातही दिवसपाळीच घेतली तर निम्मी हातची जातात, कारण बाळंतपणं घड्याळ बघून होत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी रात्रपाळी मागून घ्या. जिथे महिन्याला 40-50 च बाळंतपणं होतात तिथे एसबीएला पाठवत असतील, तर पुढच्या बॅचला मोठ्या ठिकाणी नाव द्या असं लेखी कळवा. उद्धटपणा वाटेल म्हणून गप्प बसू नका. लॉगबुकमध्ये 'निरीक्षण केले' अशा दहा ओळी घेऊन परत आलात, तर प्रशिक्षित म्हणून तुमचं नाव यादीत चढतं आणि पुन्हा पाठवण्याचा प्रश्नच मिटतो.

त्या तीन आठवड्यांत काय पक्कं करायचं, हेही आधीच ठरवून जा.

तिसऱ्या अवस्थेचं (बाळ आल्यापासून वार पडेपर्यंतचं) सक्रिय व्यवस्थापन सगळ्यांना पाठ असतं, पण हात अडतो तो क्रमात. बाळ बाहेर आलं की पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही याची खात्री, मग एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत, नाळ 1 ते 3 मिनिटांनी कापणं, मग गर्भाशयाला वरून आधार देत नाळेला नियंत्रित ताण, शेवटी गर्भाशय कडक आहे ना ते बघणं. इंजेक्शन बाळ यायच्या आधी भरून ठेवलेलं नसेल तर ते एक मिनिट हमखास हुकतं. दुसरी चूक औषधाच्या साठवणीची. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. अनेक लेबर रूममध्ये ॲम्प्युल सोयीसाठी दिवसभर ट्रेमध्ये पडून असतात, आणि मग 'इंजेक्शन देऊनही रक्तस्राव थांबला नाही' अशी नोंद होते.

मॅग्नेशियम सल्फेटची (गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या औषधाची) भीती बहुतेकींच्या मनात असते, आणि ती आकडेमोडीमुळे असते. 50 टक्क्यांचं 2 मिली ॲम्प्युल म्हणजे 1 ग्रॅम. बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस एकूण 10 ग्रॅम: प्रत्येक नितंबात 5 ग्रॅम, म्हणजे पाच-पाच ॲम्प्युल, खोल स्नायूत. फोडण्याआधी ॲम्प्युलवरची तीव्रता वाचायची. पुढचे डोस जिथे दिले जातात तिथे तीन गोष्टी बघितल्याशिवाय सुई उचलायची नाही: गुडघ्याचा प्रतिक्षेप आहे का, श्वास मिनिटाला किमान 16 आहेत का, लघवी तासाला किमान 30 मिली होतेय का. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के, 10 मिली, त्याच ट्रेमध्ये हवं. प्रशिक्षणात एकदा तरी दहाही ॲम्प्युल स्वतः भरून बघा. झटका आलेली बाई समोर असताना दहा ॲम्प्युल फोडायला किती वेळ लागतो आणि मदतीला दुसरी व्यक्ती का लागते, हे एरवी लक्षात येत नाही.

पार्टोग्राफबद्दल, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या आलेखाबद्दल, एक गोंधळ सध्या हमखास दिसतो. आपल्याकडच्या केसशीटमधला सुधारित पार्टोग्राफ 4 सेंमीपासून सुरू होतो, तर जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं लेबर केअर गाइड 5 सेंमीपासून. प्रशिक्षक एक सांगतो, वाचलेलं दुसरंच असतं. तुमच्या रुग्णालयात जो नमुना चालतो त्याप्रमाणे भरा आणि दुसरा समजून घ्या. खरी चूक वेगळीच आहे: बाळंतपण उरकल्यावर पार्टोग्राफ भरणं. तो बघताक्षणी ओळखू येतो. सगळीकडे एकच पेन, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला न चुकता 140, आणि रेघ अलर्ट लाइनला चिकटून सरळ वर गेलेली.

रक्तस्रावाच्या उपचारात अलीकडे बदल झालाय आणि जुन्या मॉड्यूलमध्ये तो सापडेलच असं नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, शिरेतून हळू, साधारण 10 मिनिटांत, आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ई-मोटिव्ह' अभ्यासाने दाखवलं की रक्त डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी खुणा असलेल्या ड्रेपमध्ये मोजलं आणि मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाइन, तपासणी हे सगळं एकामागून एक करत न बसता एकदमच सुरू केलं, तर गंभीर रक्तस्राव खूप कमी होतो. प्रशिक्षणात हे आलं नाही तर विचारा. चांगला प्रशिक्षक असेल तर त्याला आवडेल.

आता एनएसएसके, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम. हे दोनच दिवसांचं, म्हणून त्याला कमी लेखलं जातं. न रडणाऱ्या बाळासाठी पहिलं मिनिट हातात असतं. त्या मिनिटात पुसणं, मानेची स्थिती, गरज असेल तरच तोंड-नाक साफ करणं, पाठ चोळणं, आणि तरीही श्वास नसेल तर बॅग-मास्क सुरू झालेलं असलं पाहिजे. गती मिनिटाला 40 ते 60. मास्क पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबर, अपुऱ्या दिवसांच्या लहान बाळाला 0. छाती उचलत नसेल तर बहुतेक वेळा दोष बॅगेत नसतो. मास्क डोळ्यांवर चढलेला असतो किंवा हनुवटीपाशी हवा सुटत असते, नाहीतर मान जास्त मागे गेलेली असते. मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) हे दहा मिनिटांत जमतं आणि दोन-तीन महिन्यांत विसरतं. हे शिकलेल्यांचं कौशल्य किती लवकर ओसरतं याबद्दल शंका राहिलेली नाही. म्हणून प्रशिक्षणानंतर आठवड्यातून एकदा, ड्युटी बदलताना, दहा मिनिटं बॅग-मास्क धरायचा. त्यासाठी मॅनिकिन लेबर रूममध्ये हवं, स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद नको. 'डेड स्टॉकवर आहे, खराब होईल' हे उत्तर तुम्हाला मिळणारच. त्याची तयारी ठेवा.

दक्षता तीन दिवसांचं आहे. त्याचा गाभा म्हणजे सुरक्षित प्रसूती चेकलिस्ट, जिचे चार थांबे आहेत: दाखल करताना, कळा देण्याच्या आधी, जन्मानंतरच्या पहिल्या तासात आणि घरी सोडताना. यादी भरायला दोन मिनिटं लागतात, पण ती घरी सोडताना चारही थांब्यांच्या खुणा एकदम मारून भरली तर निव्वळ कागद वाढतो. ज्या जिल्ह्यात स्किल लॅब आहे तिथे सहा दिवसांचं वेगळं प्रशिक्षणही असतं, आधी आणि नंतर ओएससीई (हाताने काम करून दाखवण्याची परीक्षा) घेऊन. ते मिळालं तर सोडू नका, कारण तिथे प्रत्येकीचा हात तपासला जातो.

इथून वाटा फुटतात.

नवजात बाळांकडे ओढा असेल तर एसएनसीयूसाठीचं (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षासाठीचं) एफबीएनसी, म्हणजे रुग्णालयातल्या नवजात काळजीचं प्रशिक्षण: चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे मोठ्या केंद्रावर ऑब्झर्व्हरशिप. इथे चार दिवसांना सगळे जातात आणि दोन आठवड्यांना 'स्टाफ कमी आहे' म्हणून सोडत नाहीत. खरं शिक्षण त्या दोन आठवड्यांतच आहे. वॉर्मरचं तापमान, द्रवाचा हिशोब, नळीने दूध, कांगारू पद्धत, हे वर्गात शिकून येत नाही. वर्गानंतर लगेच ऑब्झर्व्हरशिपची तारीख आदेशातच लिहून घ्या. यापुढे जायचं असेल तर भारतीय परिचर्या परिषदेचा नवजात शिशु परिचर्येतला पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एक वर्षाचा. एसएनसीयू आणि खासगी एनआयसीयू, दोन्हीकडे त्याला मागणी असते. एफ-आयएमएनसीआय (नवजात बाळं आणि लहान मुलांच्या आजारांच्या एकत्रित उपचाराचं प्रशिक्षण) 11 दिवसांचं आहे. बाह्यरुग्ण विभागात आणि बालकांच्या वॉर्डात काम असेल तर घ्या, फक्त लेबर रूममध्ये असाल तर घाई नाही.

किशोरवयीन आरोग्याची वाट सगळ्यात कमी वापरली जाते, आणि माझ्या मते परिचारिकांसाठी तिथेच जागा जास्त मोकळी आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला. वयोगट 10 ते 19. आपल्या राज्यात त्याची क्लिनिकं मैत्री क्लिनिक म्हणून ओळखली जातात. प्रशिक्षणात सहा विषय येतात: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि इजा, व्यसनं, असंसर्गजन्य आजार. प्रत्यक्षात बहुतेक वेळ लोहाच्या गोळ्या आणि पाळीच्या स्वच्छतेवर जातो. निळी गोळी आठवड्यातून एकदा, 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, हे कुणीही सांगेल. पण 16 वर्षांची मुलगी पोट दुखतंय म्हणून आईबरोबर येते आणि गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह निघते, तेव्हा काय करायचं हे शिकवणारं सत्र शोधा. पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याच्या कलम 19 प्रमाणे 18 वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्याच वेळी सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात स्पष्ट केलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे माहीत नसल्याने दोन टोकं दिसतात: कुणी घाबरून मुलीला हाकलून देतं आणि ती भलत्या ठिकाणी जाते, तर कुणी तिचं नाव रजिस्टरमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहितं. प्रशिक्षणाहून परतल्यावर सगळ्यात आधी दोन गोष्टी मागा: दार बंद होईल अशी खोली आणि कपाटात राहणारं रजिस्टर. मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक त्या खोलीच्या भिंतीवर असू द्या.

मिडवायफरी की एमएस्सी? डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि त्यातून नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी, एनपीएम, हा 18 महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आला. पात्रतेत बाळंतपणं करण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. इथेच अनेकींचं अडतं. अनुभव असतो, पण प्रमाणपत्रावर फक्त 'अधिपरिचारिका म्हणून कार्यरत' असं लिहिलेलं असतं. त्यामुळे आजपासूनच लेबर रूमच्या नेमणुकीच्या प्रत्येक आदेशाची प्रत जपा आणि अनुभवाच्या दाखल्यात 'प्रसूतिगृह' हा शब्द आणि तारखा असल्याशिवाय तो स्वीकारू नका. कोर्सनंतर काम कमी जोखमीच्या बाळंतपणांचं, मिडवाइफच्या देखरेखीखालच्या विभागात. अर्ज करण्याआधी बाँड, त्या काळातला पगार आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला परत तीच जागा मिळते का, हे तिन्ही लेखी विचारा. तुमच्यासाठी तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

एमएस्सीला जीएनएमनंतर थेट जाता येत नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षांचं एमएस्सी. एक वर्षाच्या अनुभवाची अट पोस्ट बेसिकच्या आधी केलेल्या कामानेही पूर्ण होते, म्हणजे तुमची तीन वर्षं वाया जात नाहीत. तरी चार वर्षं आणि खासगी कॉलेजची फी यांचा हिशोब करा. त्यातून ट्यूटर किंवा प्राध्यापकाची नोकरी मिळते, लेबर रूमचं कौशल्य वाढतंच असं नाही.

आता नाव लागण्याबद्दल. या सरकारी प्रशिक्षणांसाठी स्वतंत्र अर्ज नसतो. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात बॅचचे पैसे मंजूर होतात, त्यावरून जिल्हा प्रशिक्षण केंद्र किंवा विभागाचं आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्र तारखा काढतं आणि संस्थांकडून नावं मागवतं. ग्रामीण रुग्णालयातून नाव वैद्यकीय अधीक्षकांमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जातं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुका आणि मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. त्यामुळे आर्थिक वर्ष सुरू होतानाच अधीक्षकांना एक पानाचा अर्ज द्या: कोणती प्रशिक्षणं झालीत, कोणती नाहीत, सध्या नेमणूक कुठे. आवक क्रमांक घ्या. राखीव यादीत नाव घाला असंही लिहा, कारण शेवटच्या दोन दिवसांत कुणीतरी गळतंच आणि फोन राखीव यादीतल्या बाईंना जातो. जाताना कार्यमुक्तीचा आदेश हातात हवा. तो नसेल तर प्रवासभत्ता अडतो आणि हजेरीचा घोळ होतो. हेपॅटायटिस बी ची लस झालेली असू द्या, नोंदणी नूतनीकरणाची मुदत तपासा, चपला आणि ॲप्रन स्वतःचे न्या.

परतल्यावर दुसरी लढाई. लक्ष्य या लेबर रूमची गुणवत्ता सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमाच्या मार्गदर्शनात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना लेबर रूममधून फिरवू नये असं स्पष्ट आहे. तरी महिनाभरात पुरुष वॉर्डची पाळी लागते. तसं झालं तर त्या सूचनेचा उल्लेख करून अर्ज द्या. तोंडी भांडलात तर 'कामचुकार' ठराल, कागद मात्र राष्ट्रीय मूल्यांकनाच्या वेळी अधीक्षकांनाही उपयोगी पडतो.

पैसे देऊन मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रांबद्दल माझं मत कडक आहे. 'माता-बाल संगोपन डिप्लोमा, सहा महिने, घरबसल्या' असं काही दिसलं तर तो परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का बघा. नसेल तर त्या पैशाची चांगली पुस्तकं येतील. फुकटात सेफ डिलिव्हरी ॲप आहे. ते नेट नसतानाही चालतं आणि त्यातले व्हिडिओ रात्रपाळीत बघण्यासारखे आहेत. 'आय-गॉट' या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरचे कोर्स नोंदीपुरते ठीक. मात्र पडद्यावर बघून बॅग-मास्क येत नाही.

तुमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी दोन ओळी, कारण त्यांचं प्रशिक्षण झालं नाही तर तुमचंही अर्धं निरुपयोगी ठरतं. एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी 10 दिवसांचं बीईएमओसी (मूलभूत तातडीची प्रसूतिसेवा) आहे. सिझेरियनसाठीचं ईएमओसी आणि भूल देण्याचं एलएसएएस ही काही महिन्यांची प्रशिक्षणं जोडीने द्यायची असतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना दिली जातात आणि दोन्हीकडे थिएटर बंद राहतं. 12 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी मान्यताप्राप्त ठिकाणी 25 केसेसना साहाय्य, त्यातल्या किमान पाच स्वतंत्रपणे, ही अट आहे. इथेही अडतं ते केसेसच्या संख्येवरच.

पुढे कधी खासगी नर्सिंग होममध्ये गेलात तर सरकारी बॅच मिळणं अवघड होतं. तिथे फॉग्सीच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) 'मान्यता' या गुणवत्ता उपक्रमात सहभागी रुग्णालय निवडा. त्याचे 16 निकष आहेत आणि कर्मचाऱ्यांना शिकवणं हा त्याचा भाग आहे. मुलाखतीत पगाराबरोबर एवढं विचारा: महिन्याला बाळंतपणं किती, त्यातली नर्स किती करते, आणि लेबर रूममध्ये मॅनिकिन आहे का.